जुनी टेलिफोटो झूम, नवा डिजिटल कॅमेरा

जपानच्या निप्पॉन कोगाकू कंपनीने १९५९ साली ‘निकॉन एफ’ हा कॅमेरा बाजारात आणला. त्याच्याबरोबर आलेल्या लेन्सच्या मालिकेत एक लेन्स इतरांहून निराळी होती. ती ८५ ते २५० मिलिमीटरची टेलिफोटो झूम होती. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एसएलआर कॅमेऱ्यासाठी जपानमध्ये तयार झालेली ही पहिली झूम लेन्स. सुरुवातीच्या प्रतींवर आकडे मिलिमीटरमध्ये नव्हते, ८.५ ते २५ सेंटिमीटर असे कोरलेले होते. वजन सुमारे दोन किलो; ज्या कॅमेऱ्याला ती जोडायची त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक. त्याच वर्षी जर्मनीच्या फोक्टलेंडर कंपनीने फ्रँक बॅक यांनी आरेखन केलेली ३६ ते ८२ मिलिमीटरची ‘झूमार’ विक्रीस आणली होती. मात्र तिचा पल्ला रुंद दृश्यापासून व्यक्तिचित्रापर्यंतचा होता. दूरचे जवळ आणणारी झूम हे काम निकॉनच्या लेन्सने केले.

या लेन्सची सुस्थितीतील प्रत आज सहजासहजी मिळत नाही. मिळाली, तर ती काचेच्या कपाटात ठेवावी की वापरावी, असा प्रश्न बाळगणाऱ्यापुढे उभा राहतो. वापरायची ठरवल्यास दुसरा प्रश्न येतो तो अधिक अवघड आहे. निकॉनच्या डिजिटल एसएलआरचे माउंट १९५९ च्याच घडणीचे असल्याने लेन्स जुळेलसे वाटते. पण बहुतेक वरच्या श्रेणीच्या कॅमेऱ्यांवर ती जशीच्या तशी बसवू नये. अनेकांनी यावर कानशीचा उपाय केला आणि लेन्सचे मूळ रूप कायमचे घालवले. हा उपाय आता अनावश्यक झाला आहे. कारण समजण्यासाठी माउंटची रचना थोडी पाहावी लागते.

खटक्याची गोष्ट

निकॉनने १९७७ साली ‘एआय’ ही पद्धत आणली. लेन्सच्या अ‍ॅपर्चरच्या कडीवरील एक उंचवटा कॅमेऱ्याच्या माउंटभोवती फिरणाऱ्या कडीवरच्या छोट्या खटक्याला ढकलतो आणि लेन्सचे छिद्र कोणत्या आकड्यावर आहे हे कॅमेऱ्याला कळते. त्याआधीच्या लेन्सवर हे काम वरच्या बाजूला स्क्रूने बसवलेला धातूचा चिमटा करीत असे. जुन्या लेन्सच्या अ‍ॅपर्चर कडीचा मागचा कठडा सलग असतो, त्यात खटक्यासाठी जागाच नसते. अशी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर फिरवून बसवली, की कठडा खटक्यावर दाबला जातो. खटका वाकतो किंवा तुटतो. लेन्सला काही होत नाही, दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्यावर येतो.

१९७७ नंतरच्या काही फिल्म कॅमेऱ्यांत हा खटका वर दुमडता येत असे. डिजिटल काळात ही सोय २०१३ च्या ‘निकॉन डीएफ’मध्ये परत आली. त्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स निर्धास्तपणे बसते. मात्र छिद्राचा आकडा दोनदा लावावा लागतो, एकदा लेन्सच्या कडीवर आणि एकदा कॅमेऱ्याच्या चकतीवर. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर छायाचित्र गडद किंवा फिके येते. २००६ सालच्या ‘डी ४०’सारख्या साध्या कॅमेऱ्यांत तो खटका मुळातच नव्हता. त्यामुळे स्वस्त कॅमेऱ्यावर लेन्स बसते आणि महागड्यावर बसत नाही, असा विचित्र प्रकार अनेक वर्षे चालू होता. ‘डी ४०’वर प्रकाशमापन मात्र होत नाही. एक चाचणी छायाचित्र घ्यावे, हिस्टोग्राम पाहावा आणि अंदाज सुधारावा, एवढाच मार्ग उरतो. डिजिटलमध्ये तो फुकट आहे, हे विसरता कामा नये.

‘एआय’ आल्यावर निकॉनने जुन्या लेन्सना नव्या कड्या बसवून देण्याची सोय ठेवली होती. त्या कड्यांचा साठा संपला, तसे लोक मूळ कडीचाच कठडा कापू लागले. नेहमीच्या ५० किंवा १३५ मिलिमीटरच्या लेन्सबाबत त्यात फारसे बिघडत नाही, कारण तशा लेन्स भरपूर आहेत. दुर्मीळ झूमची गोष्ट वेगळी. कापलेला कठडा परत येत नाही आणि कापताना उडालेली धातूची भुकटी आत गेली, तर सरकत्या भागांच्या खाचांत ती कायमची बसते.

दुर्मीळतेचा पुरावा कधीकधी अनपेक्षित जागी सापडतो. निकॉनच्या अनेक डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत ‘या लेन्स वापरू नयेत’ अशी यादी असते. तीत १८०-६०० मिलिमीटर एफ/८ ईडी या झूमच्या १७४०४१ ते १७४१८० आणि ३६०-१२०० मिलिमीटर एफ/११ ईडी या झूमच्या १७४०३१ ते १७४१२७ या क्रमांकांच्या प्रती नावानिशी आहेत. पहिल्या लेन्सचे १४० क्रमांक आणि दुसरीचे ९७. एवढ्या मोजक्या लेन्ससाठी लाखो ग्राहकांच्या पुस्तिकेत एकेक ओळ छापली गेली. जुनी लेन्स हाती आली, तर तिचा क्रमांक या यादीशी ताडून पाहणे हे पहिले काम.

आरसा गेला, जागा मिळाली

एसएलआर कॅमेऱ्यात माउंट आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा वर-खाली होण्यासाठी जागा ठेवावी लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ मिलिमीटर, तर कॅननच्याच जुन्या एफडी माउंटमध्ये ४२ मिलिमीटर. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्याने हे अंतर फार कमी झाले. सोनी ई माउंटमध्ये ते १८, कॅनन आरएफमध्ये २० आणि निकॉन झेडमध्ये १६ मिलिमीटर आहे. जुनी लेन्स आणि नवा कॅमेरा यांच्यामधली ही फरकाची जागा पोकळ कडीने, म्हणजे अ‍ॅडाप्टरने भरून काढता येते. निकॉन झेडसाठी ही जाडी ४६.५ वजा १६, म्हणजे ३०.५ मिलिमीटर. तीत काच नसते, तारा नसतात, खटकाही नसतो. जुन्या लेन्सचा सलग कठडा तेथे कोणालाच अडवत नाही. २०१८ साली आलेल्या निकॉनच्या ‘एफटीझेड’ अ‍ॅडाप्टरमध्येही तो खटका नाही. तरीही त्यावर लेन्स चढवण्यापूर्वी कंपनीने दिलेली सुसंगत लेन्सची यादी पाहून घेणे श्रेयस्कर. साध्या धातूच्या अ‍ॅडाप्टरला अशी यादी लागत नाही.

याच गणितामुळे कॅननच्या एफडी लेन्सही पुन्हा वापरात आल्या. एफडीचे अंतर ईएफपेक्षा दोन मिलिमीटरने कमी असल्याने कॅननच्या डिजिटल एसएलआरवर त्या दूरचे दृश्य स्पष्ट दाखवूच शकत नसत. मध्ये काच घातलेला अ‍ॅडाप्टर वापरला, की चित्राचा दर्जा घसरे. उलट निकॉनची लेन्स कॅननच्या एसएलआरवर अडीच मिलिमीटरच्या कडीने बसत असे. कंपनीच्या स्वतःच्या लेन्स दारात उभ्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या आत, असा हा प्रकार होता.

अ‍ॅडाप्टरवर लेन्सचे छिद्र कडीवर लावलेल्या आकड्यावरच राहते. फिल्मच्या कॅमेऱ्यात दृश्य पूर्ण उघड्या छिद्रातून दिसे आणि छायाचित्र घेण्याच्या क्षणी छिद्र आकसे; येथे तसे होत नाही. एफ/८ लावले, की दृश्यदर्शकातही एफ/८ चेच दृश्य. इलेक्ट्रॉनिक दृश्यदर्शक ते उजळून दाखवतो, परंतु फोकसची अचूकता कमी होते. म्हणून छिद्र उघडून फोकस करावा, नंतर बंद करावे. प्रकाशमापनाची अडचण राहत नाही, कारण सेन्सरवर पडणारा प्रकाशच मोजला जातो. कॅमेऱ्याच्या मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर चालू’ अशा अर्थाची सूचना असल्यास ती चालू करावी लागते, अन्यथा कॅमेरा लेन्सच नाही असे समजून गप्प बसतो.

दशांश मिलिमीटरचा खेळ

अ‍ॅडाप्टरबाबत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही आणि झूम लेन्सच्या बाबतीत तीच सर्वांत महत्त्वाची आहे. १९५९ च्या पिढीतील झूम लेन्समध्ये डझनाहून अधिक भिंगे असतात आणि ती गटागटाने काम करतात. पुढचा गट फोकस करतो. मधला गट सरकला की प्रतिमा लहान-मोठी होते, मात्र त्याबरोबर ती पुढे-मागेही जाते. ती जागेवर ठेवण्यासाठी आणखी एक गट वक्र खाचेतून किंचित हलतो. मागचा गट स्थिर राहून प्रतिमा फिल्मवर टाकतो. २५० मिलिमीटरला फोकस करून ८५ मिलिमीटरवर आले तरी दृश्य स्पष्ट राहावे, यासाठी ही सारी यातायात. आजच्या अनेक झूम लेन्स हे वचन पाळत नाहीत. त्यांचा फोकस मोटर पुन्हा साधून घेते. जुनी लेन्स ते पाळत असे, पण एका अटीवर. तिच्या पाठीमागे नेमके ४६.५ मिलिमीटर अंतर असले पाहिजे.

बाजारातील स्वस्त अ‍ॅडाप्टर अनेकदा मुद्दाम किंचित पातळ केलेले असतात. पातळ अ‍ॅडाप्टरवर कोणतीही लेन्स अनंतापर्यंत फोकस करतेच, त्यामुळे ग्राहकाची तक्रार येत नाही. एकाच फोकल लेंग्थच्या लेन्सला तेवढ्याने फरक पडत नाही. फोकसची कडी थोडी अलीकडे थांबते, इतकेच. झूमचे तसे नाही. समजा अ‍ॅडाप्टर ०.१ मिलिमीटरने पातळ आहे. २५० मिलिमीटरवर फोकस करताना पुढचा गट थोडा हलवून ही चूक भरून निघते. परंतु पुढच्या गटाच्या त्याच हालचालीचा परिणाम फोकल लेंग्थच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. २५० आणि ८५ यांच्या वर्गांचे गुणोत्तर सुमारे साडेआठ आहे. म्हणजे ८५ मिलिमीटरवर येताच ती दुरुस्ती साडेआठपट दुबळी होते आणि ०.१ मिलिमीटरची चूक जवळजवळ पूर्णपणे परत येते.

ही चूक डोळ्यांना दिसते का? एफ/४ छिद्राला ०.१ मिलिमीटरची चूक म्हणजे बिंदूच्या जागी ०.०२५ मिलिमीटर व्यासाचा ठिपका. फिल्मच्या काळात ०.०३ मिलिमीटरपर्यंतचा ठिपका ‘स्पष्ट’ मानला जाई. त्या हिशेबाने ही चूक कोणाच्या लक्षातही आली नसती. ४५ मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरवर मात्र एका पिक्सेलची रुंदी सुमारे ०.००४४ मिलिमीटर असते. तोच ठिपका पाच-सहा पिक्सेलवर पसरतो. त्यातूनच ‘ही जुनी लेन्स रुंद टोकाला मऊ आहे’ असे शेरे जन्माला येतात आणि चांगल्या लेन्स नाकारल्या जातात. दोष एका स्वस्त कडीचा असतो.

तपासणी सोपी आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवावा आणि छिद्र पूर्ण उघडावे. दूरची, ठळक कडा असलेली वस्तू निवडावी. पुणेकरांना पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेत सिंहगडावरील दूरदर्शनचा मनोरा त्यासाठी उत्तम. २५० मिलिमीटरवर प्रतिमा पडद्यावर मोठी करून फोकस साधावा, कडीला हात न लावता ८५ मिलिमीटरवर यावे आणि पुन्हा मोठी करून पाहावे. प्रतिमा विरघळली असेल, तर फोकसची कडी कोणत्या दिशेला फिरवल्यावर ती जमते हे टिपून ठेवावे. कडी अनंताच्या खुणेपलीकडे न्यावीशी वाटत असेल तर अ‍ॅडाप्टर जाड आहे. अलीकडे आणावी लागत असेल तर पातळ. व्हर्निअर कॅलिपरने चार ठिकाणी जाडी मोजली, की ती सर्वत्र सारखी आहे का हेही कळते. पातळ अ‍ॅडाप्टरच्या दोन भागांमध्ये पितळी पत्र्याची बारीक चकती घालून जाडी वाढवता येते. तितकी खटपट नको असेल, तर प्रत्येक वेळी झूम बदलल्यावर फोकस नव्याने साधावा. अ‍ॅडाप्टर अचूक निघाला आणि तरीही फोकस हलत असेल, तेव्हाच लेन्सच्या आत पूर्वी कोणी हात घातला असल्याचा संशय घ्यावा.

काय मिळते, काय मिळत नाही

या लेन्समध्ये आजचे बहुस्तरीय लेप नाहीत. भिंगांच्या अनेक पृष्ठभागांवरून प्रकाश थोडाथोडा परततो आणि चित्रावर फिकट पडदा येतो. सूर्य समोर असला, तर हा पडदा जाड होतो. सेन्सरची पुढची काच फिल्मपेक्षा जास्त चकाकते, त्यामुळे तिच्यावरून परतलेला प्रकाश मागच्या भिंगावर आपटून पुन्हा खाली येतो. हा त्रास फिल्मवर जाणवत नसे. लांब हूड लावावे आणि ‘रॉ’ स्वरूपात छायाचित्र घेऊन कॉन्ट्रास्ट संगणकावर वाढवावा. पडद्यामुळे सावल्या उजळ दिसतात, म्हणून ‘जुन्या लेन्सला सावल्यांतला तपशील जास्त दिसतो’ असेही काही जण म्हणतात. तपशील वाढत नाही, फक्त काळ्याचा राखाडी होतो.

ईडी काचेपूर्वीची ही लेन्स असल्याने लांब टोकाला रंगीत कडा दिसतात. चित्राच्या कोपऱ्यांकडे वाढणारी लाल-निळी कड संगणकावर बरीचशी निघते. फोकसच्या पुढेमागे दिसणारी जांभळी-हिरवी झाक मात्र पूर्ण जात नाही. छिद्र लहान करणे हाच तिच्यावरचा इलाज. एफ/८ हा सर्वांत भरवशाचा आकडा. एफ/१६ ला विवर्तनामुळे बिंदूचा ठिपका ०.०२ मिलिमीटरच्या पुढे जातो आणि जास्त पिक्सेलचा उपयोगच उरत नाही. एपीएस-सी सेन्सरवर फक्त मधला भाग वापरला जातो, कोपऱ्यांचे दोष कापले जातात आणि दृश्याची रुंदी १२७ ते ३७५ मिलिमीटरच्या लेन्सइतकी होते. त्याची किंमत म्हणजे लहान पिक्सेल मधल्या भागाचीही कठोर परीक्षा घेतात. सोळा मेगापिक्सेलचा ‘डीएफ’ अशा लेन्सना अधिक सौम्य वागवतो, ते यामुळेच.

एका बाबतीत मात्र काळ लेन्सच्या बाजूने उभा राहिला. कोडॅक्रोम ६४ सारखी फिल्म घालून २५० मिलिमीटरवर एफ/८ ला उडता पक्षी टिपणे जवळजवळ अशक्य होते. आजच्या सेन्सरवर आयएसओ १६०० किंवा ३२०० सहज चालते, म्हणजे तेवढ्याच प्रकाशात शटर पंचवीस ते पन्नासपट वेगवान ठेवता येते. भिगवणला पाण्यात संथपणे चरणारा रोहित पक्ष्यांचा थवा या लेन्सच्या आवाक्यातला आहे. झेपावणारा शिक्रा नाही. जवळचा फोकस चार मीटरच्या आसपास थांबतो, तेव्हा फुलपाखरांसाठीही ती नाही.

कॅमेऱ्याच्या आत सेन्सर हलवून हात स्थिर करण्याची सोय असेल, तर तिला फोकल लेंग्थ सांगावी लागते. जुन्या लेन्समध्ये ती सांगणारी चिप नसते. मेन्यूत ८५ लिहिले आणि झूम २५० वर नेली, तर कॅमेरा हाताचा कंप जेमतेम एकतृतीयांशच दुरुस्त करतो. उलट २५० लिहून ८५ वर आल्यास गरजेपेक्षा जास्त हालचाल करून चित्र बिघडवतो. ८५, १३५, २०० आणि २५० अशा चार नोंदी करून एखाद्या बटणावर ठेवल्या, तर काम सुकर होते. ट्रायपॉडवर ही सोय बंदच ठेवावी. ट्रायपॉड लेन्सच्या कॉलरला जोडावा, कॅमेऱ्याला नव्हे. दोन किलोंचा भार अ‍ॅडाप्टरच्या चार बारीक स्क्रूंवर टांगणे धोक्याचे आहे.

पाऊस आणि बुरशी

मुंबईत आणि कोकणात लेन्सचा खरा शत्रू बुरशी. झूम पुढे-मागे सरकवताना लेन्स भात्यासारखी हवा आत ओढते, आणि पावसाळ्यात ती हवा दमट असते. विकत घेण्यापूर्वी छिद्र पूर्ण उघडून मागच्या बाजूने विजेरीचा झोत टाकावा व पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा म्हणजे बुरशी. एकसारखा दुधी थर म्हणजे उडालेल्या वंगणाचा थर; तो कुशल कारागीर पुसू शकतो. कडेला इंद्रधनुष्यी डाग असतील, तर भिंगे चिकटवणारा बाम सुटला आहे. तो दोष दुरुस्त करणे खर्चिक आहे आणि बहुधा परवडत नाही. बुरशी वेळीच काढली तर काच वाचते. जुनी झाली की तिच्या आम्लाने लेप आणि काचही खोदली जाते. घरी चाळीस ते पन्नास टक्के आर्द्रतेची बंद पेटी पुरते. चामड्याची मूळ पेटी कितीही देखणी असली, तरी लेन्स तीत ठेवू नये. चामडे ओल धरून ठेवते.

छायाचित्रांच्या फाइलमध्ये लेन्सचे नाव नोंदले जात नाही, आणि फोकल लेंग्थ मेन्यूत शेवटची लिहिलेलीच राहते. संपूर्ण सहलीची छायाचित्रे मग २५० मिलिमीटरचीच दिसतात. फिल्मच्या काळातील छायाचित्रकार खिशात छोटी वही ठेवीत. या लेन्सबरोबर तीही बाळगावी.